नजरेआड पेटणारं इंजिन

रॉकेटचा माग काढणाऱ्या केंद्रांची आठवण आपल्याकडे दोनच प्रसंगी निघते. एक, चीनचं युआन वांग जातीचं जहाज हिंदी महासागरात शिरलं की. ऑगस्ट २०२२ मध्ये युआन वांग ५ श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराला लागलं, तेव्हा ‘हेरगिरी करणारं जहाज’ यापलीकडे चर्चा फारशी गेलीच नाही. दुसरा प्रसंग म्हणजे गगनयान या मानवी मोहिमेच्या निमित्ताने इस्रोच्या डेटा रिले उपग्रहांचा, म्हणजे यानाचे संदेश वरूनच झेलून खाली पोहोचवणाऱ्या उपग्रहांचा, विषय निघाला की. मग हमखास विचारलं जातं की वरूनच रॉकेटशी बोलता येणार असेल, तर मॉरिशसला, ब्रुनेईला, इंडोनेशियातल्या बिआक बेटावर तबकड्या उभारून माणसं कशाला बसवायची? पहिल्या वादात हे केंद्र म्हणजे शस्त्र ठरतं आणि दुसऱ्यात अडगळ. उड्डाण चालू असताना ते नेमकं काय करतं, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की रिले उपग्रह येऊ देत, भाड्याच्या सेवा मिळू देत, रॉकेटं स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ देत. तरीही भारताने जमिनीवरची आणि जहाजांवरची ही साखळी मोडू नये, उलट वाढवावी. आणि ती किती मोठी हवी याचा हिशेब यशस्वी उड्डाणावर मांडू नये, फसणाऱ्या उड्डाणावर मांडावा.

विमान पडलं तर ब्लॅक बॉक्स शोधता येतो. समुद्रात विखुरलेल्या रॉकेटच्या टप्प्यांतून असं काही हाती लागेल याची आशा धरता येत नाही. जे कळायचं ते उड्डाण चालू असताना, रेडिओवरूनच कळतं. टाक्यांमधला दाब, पंपांचा वेग, झडपांची उघडझाप, कंपनं, दिशादर्शक यंत्रणेची आकडेमोड हे सगळं रॉकेट सतत खाली पाठवत असतं. हीच टेलिमेट्री. अडचण एवढीच की रेडिओलहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. २०० किलोमीटर उंचीवरचं रॉकेट एखाद्या केंद्राला फार तर १,६०० किलोमीटर अंतरापर्यंत दिसतं. सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने जाणारं ते रॉकेट एका क्षितिजावर उगवून दुसऱ्या क्षितिजाखाली जायला सात मिनिटंही पुरे होतात, आणि त्यातली क्षितिजाला टेकलेली सुरुवातीची आणि शेवटची मिनिटं फारशी उपयोगाची नसतात. म्हणून एका केंद्राने भागत नाही. पूर्वेकडे जाणाऱ्या इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटला श्रीहरिकोटा सोडल्यावर पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), मग ब्रुनेई, मग बिआक ऐकतात. दक्षिणेकडे ध्रुवीय कक्षेत निघालेल्या पीएसएलव्ही रॉकेटला तिरुवनंतपुरम आणि मॉरिशस ऐकतात, आणि जिथे जमीनच नाही तिथे जहाज न्यावं लागतं. या केंद्रांची सूत्रं बंगळुरूच्या इस्ट्रॅककडे, म्हणजे माग काढण्याचं काम सांभाळणाऱ्या इस्रोच्याच संस्थेकडे, असतात.

या साखळीची किंमत इस्रोने किती ओळखली होती, हे २०१३ साली दिसलं. मंगळयान घेऊन जाणारं पीएसएलव्ही-सी२५ नेहमीसारखं १७ ते २० मिनिटांत काम संपवणारं नव्हतं. तिसरा टप्पा संपल्यावर सुमारे २५ मिनिटं इंजिन न पेटवता तरंगत जायचं, आणि मग थेट दक्षिण प्रशांत महासागरावर चौथा टप्पा पेटवायचा, असा तो मार्ग होता. त्या भागात ना आपलं केंद्र, ना जमीन. म्हणून मुंबईत मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशनची नालंदा आणि यमुना ही दोन जहाजं अँटेना लावून तिकडे रवाना झाली. उड्डाण २८ ऑक्टोबरला ठरलं होतं. खराब हवामानामुळे नालंदाला फिजीला पोहोचायला उशीर झाला, आणि इस्रोने उड्डाण ५ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकललं. हा निर्णय किती जोखमीचा होता ते पाहा. प्रक्षेपणाची मुदत १९ नोव्हेंबरला संपत होती. ती हुकली असती तर पृथ्वी आणि मंगळ पुन्हा अनुकूल जागी यायला सुमारे २६ महिने थांबावं लागलं असतं. रॉकेट तयार, यान तयार, आणि मर्यादित दिवसांतले आठ दिवस खर्ची पडले ते एका जहाजासाठी! त्या जहाजाने रॉकेटला एक किलोचाही जोर द्यायचा नव्हता. इंजिन पेटताना फक्त ऐकायचं होतं. जहाजाविनाही चौथा टप्पा पेटलाच असता. मग वाट का पाहिली? कारण तो पेटला नसता, तर का पेटला नाही हे कुणालाच कधी कळलं नसतं.

ही भीती काल्पनिक नव्हती. दोनच वर्षं आधी, नोव्हेंबर २०११ मध्ये, रशियाचं फोबोस-ग्रुंट हे यान मंगळाच्या चंद्राकडे जायला निघालं. झेनित रॉकेटने त्याला पृथ्वीभोवतीच्या कक्षेत बिनचूक सोडलं. पुढे यानाने स्वतःचं इंजिन पेटवायचं होतं, पण ते रशियन केंद्रांच्या आवाक्याबाहेर, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला. यान पुन्हा क्षितिजावर आलं तेव्हा जिथल्या तिथेच होतं. इंजिन पेटलंच नव्हतं, आणि त्या मिनिटांत आत काय घडलं याची एक ओळही कुणाकडे नव्हती. युरोपीय अवकाश संस्थेच्या पर्थच्या केंद्राने त्याचा आवाज पहिल्यांदा पकडला तो २२ नोव्हेंबरला. जानेवारी २०१२ मध्ये यान प्रशांत महासागरात कोसळलं. त्यानंतर रशियात कारणांवरून वाद झाला. परकीय रडारने काही केलं असावं अशीही कुजबुज वरच्या पातळीवरून झाली. नोंद नसली की संशयाला असंच मोकळं रान मिळतं. यातली सर्वांत बोचरी गोष्ट म्हणजे सोव्हिएत काळात याच देशाकडे महासागरांवर तैनात होणारा मागोवा जहाजांचा मोठा ताफा होता. त्या ताफ्यातलं सर्वांत मोठं, २३० मीटरहून लांब ‘कॉस्मोनॉट युरी गागारिन’ हे जहाज सोव्हिएत संघ फुटल्यावर बंदरात पडून राहिलं आणि १९९६ मध्ये भंगारात निघालं. ते तोडलं गेलं गुजरातमध्ये, अलंगच्या किनाऱ्यावर. पैशांची ती बचत पंधरा वर्षांनी कुठे वसूल झाली?

अमेरिकेलाही हा धडा विकतच घ्यावा लागला. धूमकेतूंच्या अभ्यासासाठी निघालेल्या कॉन्टूर यानाने १५ ऑगस्ट २००२ रोजी हिंदी महासागरावर आपली घन इंधनाची मोटर पेटवली. तेव्हा ते नासाच्या कुठल्याच अँटेनाच्या नजरेत नव्हतं. ठरलेल्या वेळी संदेश आला नाही, आणि नंतर दुर्बिणींना त्याचे तुकडे दिसले. चौकशी मंडळाला मोटरच्या झोताने यानाचा सांगाडा तापून फुटला असावा, इतकंच म्हणता आलं; इतर शक्यता त्यांना खोडून काढता आल्या नाहीत.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा घेऊ. ही सगळी उदाहरणं जुन्या तंत्राची झाली, आता रॉकेटने खाली बघायचं कारणच नाही, ते वर बघेल. या म्हणण्यात दम आहे. मार्च २०२४ मधल्या स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप यानाच्या चाचणीत यान वातावरणात परतत असताना, भोवती तप्त आयनद्रवाचा (प्लाझ्माचा) पडदा असताना, त्यातून थेट चित्रं आली ती त्याच कंपनीच्या स्टारलिंक उपग्रहांमार्फत. कोणत्याही बेटावरच्या तबकडीला हे जमलं नसतं. नासाने १९८३ पासून आपले रिले उपग्रह सोडायला सुरुवात केली आणि जगभरची कित्येक केंद्रं खरोखरच बंद केली. भारतानेही रिले उपग्रह लवकरात लवकर सोडावेत. मानवी मोहिमेत मिनिटभराची शांतताही परवडणारी नाही, यात दुमत नाही.

पण नासाने सगळं बंद केलं का? फ्लोरिडातलं मेरिट आयलंडचं केंद्र २०११ पर्यंत, म्हणजे नासाची अवकाशयानं असलेली शटल निवृत्त होईपर्यंत, प्रत्येक उड्डाणाला हजर होतं. एवढंच नाही, किनाऱ्यावर थोडं दूर पॉन्स दे लिओन इथे एक वेगळी तबकडी उभारली होती, कारण शटलच्या घन इंधनाच्या मोटरींचा झोत मुख्य केंद्राच्या आणि यानाच्या मध्ये येऊन रेडिओसंदेश पुसट करायचा. बाजूच्या कोनातून ऐकलं की तो स्पष्ट यायचा. आपला पीएसएलव्ही आणि गगनयान नेणारं एलव्हीएम-३ दोघेही घन इंधनाच्या भल्या मोठ्या मोटरींवर उठतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं. शिवाय रिले उपग्रहाशी बोलायला रॉकेटचा प्रेषक चालू हवा, वीज हवी, अँटेना बऱ्यापैकी योग्य दिशेला हवा. रॉकेट गटांगळ्या खाऊ लागलं, वीज गेली, तर वरचा उपग्रह बहिरा होतो. जमिनीवरच्या रडारचं तसं नसतं. त्याला रॉकेटने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही; धातूच्या अंगावरून परतलेला प्रतिध्वनी त्याला पुरतो. मेलेल्या रॉकेटचाही माग काढतं ते रडार. आणि उपग्रह तरी कायम असतात का? नासाचा दुसरा रिले उपग्रह जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर शटलबरोबरच नष्ट झाला, पुढचा वर जायला सप्टेंबर १९८८ उजाडला.

वरचा कान आणि खालचा कान एकमेकांच्या जागी बसत नाहीत, याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण पुणे जिल्ह्यातलं आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण रेडिओसंदेश पृथ्वीवर थेट ऐकला तो जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीने. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या ५० सेकंद आधी तो संदेश तुटला. काहीतरी बिनसलं आहे याची पहिली चाहूल जगाला तिथून लागली. काय बिनसलं, हे मात्र मंगळाभोवती फिरणाऱ्या सोबतच्या यानाने टिपलेल्या टेलिमेट्रीतून कळलं: दिशादर्शक संवेदक मापनक्षमतेच्या टोकाला जाऊन अडकला, आणि संगणकाने यान जमिनीखाली गेल्याचा निष्कर्ष काढला. एकाने चाहूल दिली, दुसऱ्याने कारण. यातला कोणता कान बंद करायचा?

दुसरा आक्षेप स्वयंचलित सुरक्षेचा. भरकटलेलं रॉकेट नष्ट करायचा निर्णय आता रॉकेटवरचा संगणकच घेऊ शकतो. अमेरिकेत २०१७ पासून ही पद्धत रुळली आहे, आणि तिच्या बाजूने एक असं उदाहरण आहे जे टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मे २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून रॉकेट लॅब कंपनीचं इलेक्ट्रॉन रॉकेट पहिल्यांदा उडालं. चार मिनिटांनी, २२४ किलोमीटर उंचीवर असताना, सुरक्षा अधिकाऱ्यांनी ते थांबवलं. नंतर कळलं की रॉकेट ठणठणीत होतं. जमिनीवरच्या कंत्राटदाराच्या उपकरणात माहितीतल्या चुका दुरुस्त करणारी एक सोय चालूच केली नव्हती, त्यामुळे पडद्यावरची माहिती तुटक येत होती. एका विसरलेल्या कळीपायी चांगलं रॉकेट गेलं. म्हणजे जमिनीवरची नजर चुकते, आणि तिची चूक महागात पडते. हे मान्य करायलाच हवं.

पण मग ती चूक उघडकीला कशी आली? कंपनीच्या स्वतःच्या, वेगळ्या अँटेनांनी तेच उड्डाण स्वच्छ नोंदवलं होतं म्हणून! धडा दुसरी नजर ठेवण्याचा आहे, नजर काढून टाकण्याचा नाही. उलट बाजूचं उदाहरणही पाहू. जानेवारी २०१८ मध्ये युरोपचं एरियान ५ रॉकेट फ्रेंच गयानातून उडालं, तेव्हा दिशादर्शक यंत्रणेला दिलेल्या कोनात २० अंशांची चूक होती. रॉकेटच्या स्वतःच्या हिशेबाने सगळं ठीक चाललं होतं, कारण हिशेबाचा पायाच चुकीचा होता. ब्राझीलमधल्या नाताल केंद्राचा अँटेना रॉकेट जिथे उगवायला हवं तिथे रोखलेला होता. तिथे काहीच उगवलं नाही. ती शांतता हाच काहीतरी चुकल्याचा पुरावा होता. स्वतंत्र जीपीएस बसवला तर अशी चूक रॉकेटवरही पकडता येते, हे खरं. पण पाडायचं की नाही हे ठरवणं आणि का बिघडलं हे शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. २५ डिसेंबर २०१० रोजी जीएसएलव्ही-एफ०६ भरकटलं आणि ६४व्या सेकंदाला श्रीहरिकोट्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने ते नष्ट करण्याचा आदेश दिला. ते काम उद्या संगणक करेल. पण अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक टप्प्याच्या तळाशी असलेले जोड निखळल्यामुळे खालच्या इंजिनांना आज्ञाच पोहोचत नव्हत्या, हे चौकशी समितीला सांगायला टेलिमेट्रीच लागली.

आणि ती नोंद किती बारीक असते! ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० चा क्रायोजेनिक टप्पा पेटला नाही, ३०७व्या सेकंदाला मोहीम सोडून द्यावी लागली. नंतर समितीने बोट ठेवलं ते द्रव हायड्रोजनच्या टाकीच्या एका झडपेवर. झडप गळत होती, म्हणून टाकीतला दाब उतरला, म्हणून इंधनाचा पंप नीट चालला नाही. टप्पा समुद्राच्या तळाशी, झडप कुणी पाहिलेली नाही, तरी गळती सापडली. मे २०२३ मध्ये पुढचं जीएसएलव्ही व्यवस्थित गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये इस्रोच्या छोट्या एसएसएलव्ही रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, तेही असंच उलगडलं: दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने त्वरणमापकांनी क्षणभर मर्यादा ओलांडली, संगणकाने सगळे संवेदक बिघडले असं ठरवलं, आणि उपग्रह भलत्याच कक्षेत गेले. सहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, तेच रॉकेट यशस्वी झालं. हादरा क्षणाचाच होता. त्या क्षणी कुणी ऐकत नसतं, तर सहा महिने पुरले असते का?

राहिला राजकारणाचा मुद्दा. परक्या भूमीवरचं केंद्र परक्याच्या मर्जीवर असतं, ही शंका रास्त आहे आणि इतिहास तिच्या बाजूने आहे. अमेरिकेने मर्क्युरी या आपल्या पहिल्या मानवी मोहिमांसाठी झांझिबारमध्ये केंद्र उभारलं. १९६४ च्या क्रांतीत ते सोडावं लागलं. मग मादागास्करमध्ये उभारलं. १९७५ मध्ये तिथूनही निघावं लागलं. चीनचं किरिबाटीतलं केंद्र २००३ मध्ये बंद झालं, कारण त्या छोट्या देशाने तैवानला मान्यता दिली. २०२० मध्ये स्वीडनच्या सरकारी अवकाश कंपनीने चिनी ग्राहकांशी करार पुढे न वाढवण्याचं ठरवलं. भाड्याने सेवा घ्या, स्वतःची केंद्रं कशाला, असं सांगणाऱ्यांनी हे शेवटचं उदाहरण जरूर वाचावं. उपग्रहाची रोजची माहिती उतरवायला भाड्याची तबकडी उत्तम, ती आज नाही तर उद्या मिळते. इंजिन पेटण्याची ती दोन मिनिटं मात्र उद्या मिळत नाहीत.

केंद्र टिकतं ते यजमान देशाला त्यात काही मिळत असलं तर. मॉरिशसचं केंद्र १९८६ पासून चालू आहे, तिथली सरकारं किती वेळा बदलली तरी. ब्रुनेईशी २०१८ मध्ये करार झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीत त्याचं नूतनीकरण झालं. स्थानिक तरुणांचं प्रशिक्षण, हवामानाची आणि शेतीची उपग्रहचित्रं, तिथल्या विद्यापीठांना काम, यांवर या करारांचं आयुष्य ठरेल. मात्र आपणही एक दुटप्पीपणा सोडायला हवा. रॉकेटचा माग काढणारी तबकडी क्षेपणास्त्राचाही माग काढू शकते. युआन वांगबद्दलची आपली चिंता म्हणूनच खरी आहे, आणि म्हणूनच आपल्या केंद्रांबद्दल शेजाऱ्यांना वाटणारी चिंताही खोटी नाही. क्षेपणास्त्र चाचण्यांसाठी आपल्या नौदलाकडे आयएनएस ध्रुव हे स्वतंत्र जहाज आहे. ते काम तिकडेच ठेवावं, आणि नागरी केंद्रांचे करार, त्यांच्या कामाची व्याप्ती, यजमान देशाचे हक्क हे सगळं खुलं ठेवावं. दुसऱ्याकडे पारदर्शकता मागायचा अधिकार त्यातूनच येतो.

गगनयानासाठी ऑस्ट्रेलियाच्या कोकोस बेटांवर तात्पुरतं केंद्र उभारण्याची व्यवस्था झाली आहे, ही योग्य दिशा आहे. तात्पुरतं हा शब्द मात्र खटकतो. मानवी मोहीम एकदाच करायची नाही. भारतीय अवकाश स्थानक बांधायचं तर वर्षानुवर्षं त्याच मार्गाने रॉकेटं जाणार, तेव्हा कोकोसच्या केंद्राचा करार दीर्घ मुदतीचा व्हावा. मंगळयानाच्या वेळी मालवाहतुकीच्या महामंडळाची जहाजं मागून आणावी लागली. आता इस्रोकडे या कामासाठी किमान दोन कायमची नागरी जहाजं असावीत. प्रत्येक मोहिमेआधी इंजिन पेटण्याचा आणि टप्पा सुटण्याचा प्रत्येक क्षण कोणत्या दोन स्वतंत्र मार्गांनी टिपला जाणार, याचा नकाशा इस्रोने जाहीर करावा आणि एकही क्षण एकाच मार्गावर सोपवू नये. आणि उड्डाण फसलंच, तर साखळीने टिपलेल्या नोंदींतून निघालेले निष्कर्ष एफ१० च्या वेळी मार्च २०२२ मध्ये मांडले तसे लोकांसमोर यावेत, दरवेळी, ठरलेल्या मुदतीत.